पाणी नसलेल्या ग्रहावरच्या वेण्या

टोपकाका समोरच्याच्या डोळ्यांत आधी कधीच पाहत नसत. त्यांची नजर थेट कपाळावर जाई, केस जिथून सुरू होतात त्या रेषेवर. तिथे क्षणभर रेंगाळून मग खाली उतरे. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, "बेटा, भोवरा डावीकडे आहे तुझा. भांग उजवीकडे पाडत जा, सुखी राहशील." तेव्हापासून मी उजवीकडेच भांग पाडते. सुखाचं सांगता येत नाही, पण केस जागेवर राहतात.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद होत होत्या आणि घराघरांतल्या टीव्हीवर नवी नवी चॅनेलं येत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. पोलोग्राउंड ह्या कारखान्यांच्या भागातल्या एका रिकाम्या शेडमध्ये आम्ही मुलांसाठी अंतराळाची मालिका करत होतो. दिग्दर्शक फिजिक्स शिकलेला, हौशी. त्याला सगळे नुसतं 'भिया' म्हणत, इंदुरी बोलीतला भैया. माझ्याकडे कपडेपट आणि एक जाड वही होती. कुठल्या दृश्यात कोणी काय घातलं होतं, याची नोंद त्यात असे. टोपकाकांनी मिलमध्ये मागावरचे तुटलेले धागे सांधण्यात उमर काढली होती. गणपतीतल्या नाटकांसाठी केसांचे टोप बनवणं हा त्यांचा छंद. मिल गेली आणि हातात छंदच उरला. येताना त्यांनी वस्तीतल्या सहा बायका बरोबर आणल्या. त्यांच्या घरांतही मिलचाच पगार येत होता आणि तो थांबला होता. शिफारस एका वाक्याची: "ह्यांना गाठ मारता येते."

टोप बनवण्याआधी काका प्रश्न विचारत. राम, शिवाजी, पेशवे यांच्याबद्दल विचारण्यासारखं फारसं नसे. पण परग्रहावरची राणी आली आणि काकांनी स्टूल ओढलं.

"भिया, त्या ग्रहावर पाणी आहे का?"

"नाही काका, कोरडा ग्रह आहे. तोच तर गोष्टीतला पेच."

"मग बायका न्हातात कशा?"

यानाच्या इंजिनाचा शेवटचा स्क्रूसुद्धा भियाने कागदावर काढला होता, पण न्हाण्याचा विचार केला नव्हता.

"वारा?"

"भयंकर."

"मग मोकळे केस नाही चालणार. आणि पाणी नाही, म्हणजे रोज वेणी सोडायची, रोज घालायची, ही चैन नाही. वर्षाला एक वेणी. घातली की जन्मात सोडायची नाही. बाईचं वय तिच्या डोक्यावर मोजता येईल."

मी पेन हातात धरून तशीच उभी राहिले. त्या ग्रहावर आता लोक राहू लागले होते. त्यांना बाळपण होतं, म्हातारपण होतं, वाढदिवस होते. भियाने पटकथेची चार पानं तिथल्या तिथे फाडली आणि मी वहीत लिहिलं: राणी एक्केचाळीस वेण्या, पहारेकरीण एकोणीस, राजकन्या सहा.

कपाळाशी खरे केस असत. लाकडी डोक्यावर ताणलेल्या बारीक जाळीत ते एकेक करून आकडीच्या सुईने ओवायचे. मागच्या वेण्या मात्र मिलच्या सुताच्या, तांबूस रंगवून खळ लावलेल्या, म्हणजे वाऱ्यातही ताठ राहतील अशा. सूत सांधायला गाठ मिलचीच, मागाच्या फणीतून बिनबोभाट निघून जाईल इतकी लहान. मी एकदा भिंग घेऊन बसले होते. सापडली नाही. काका हसून म्हणाले, "पाहणाऱ्याला टोप दिसला की ग्रह संपला बेटा. मग उरतं फक्त पोलोग्राउंड."

ह्या ग्रहावर संकट आलं ते साबणवाल्या शेठजींच्या रूपाने. मालिकेचा खर्च ते करत होते आणि त्यांना विलायती झगमगाट हवा होता. बाहेरून येणारे चंदेरी नायलॉनचे विग आता मुंबईत सहज मिळत. त्यांनी एक खोका मागवलाच. शनिवारी चार वाजता ते स्वतः येऊन दोन्ही टोप कॅमेऱ्यावर पाहणार होते. चंदेरी पसंत पडले, तर काका आणि सहाही जणी घरी. त्यांच्यातल्या सिंधूमावशी सुई न थांबवता म्हणाल्या, "एकदा मिलने घरी बसवलं. आता हा साबणवाला बसवणार का?"

शनिवारी सकाळी शेड उघडली, तर राणीचा टोप उंदरांनी कुरतडलेला. अकरा वेण्या मधूनच तुटल्या होत्या. खळीतल्या पिठाच्या वासाने आले होते. काकांनी टोप उचलला, उलटसुलट केला आणि खाली बसले.

"मिलमध्ये मांजरं होती," ते हळूच म्हणाले. "खळ लावलेलं सूत उघड्यावरच ठेवायचो आम्ही, उमरभर. मांजरं मिलमध्येच राहिली, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"काका, शेठजींना कळवू का? सोमवारी या म्हणून?"

"धागा तुटला म्हणून शिफ्ट कोणी सोमवारवर ढकलतं का? तुझी वही आण. कुठली वेणी किती लांब, वाचत जा."

मी वाचत गेले. सात माणसं एका टोपाभोवती बसली. चौदा हात, आणि एकाचाही दुसऱ्याला धक्का नाही. आधी सिंधूमावशींनी उंदरांना यथेच्छ शिव्या घातल्या, मग साबणवाल्याला. त्यानंतर नुसती बोटं हलत होती. मशीन बंद पडल्यावर त्याच बोटांना कोणी निकामी कसं म्हणू शकलं, हे मला आजही समजलेलं नाही. साडेतीनला टोप उभा राहिला. खोट एकच होती. नवं सूत घाईत रंगवलेलं, त्यामुळे अकरा वेण्यांचे मधले तुकडे फिकट दिसत होते.

राणीचं काम एका शाळेतल्या मुख्याध्यापिका करत. बाईंनी आधी चंदेरी विग घातला. दिवे लागले आणि त्या लखलखाटात बाईंचा चेहराच हरवला. कपाळावर जाळीची कड ठसठशीत. "आज बरात कुठे आहे, बाई?" कॅमेरामनने विचारलं. बाई स्वतःच हसल्या.

मग काकांनी स्वतःच्या हातांनी वेण्यांचा टोप बसवला. बाईंनी मान वळवली. हसणं थांबलं होतं. कपाळ कुठे संपतं आणि टोप कुठे सुरू होतो, ते मॉनिटरवर मलाही कळेना. शेठजी काचेला नाक लागेल इतके पुढे झाले आणि त्यांनी नेमकं फिकट सुतावर बोट ठेवलं.

"ये बीच में रंग क्यों उड़ रिया है?"

काका शांतपणे म्हणाले, "वो साल खराब गए थे सेठजी, रानी के."

शेठजींनी तेच बोट एकेका वेणीवरून फिरवलं. मग मागे न वळता भियाला म्हणाले, "चाँदी वाले लौटा दो, भिया."

पुढचे चार महिने सातही जणांना काम होतं. मी आयुष्यात पुष्कळ कामं पार पाडली, पण इतकं नेटकं आणि आनंदाचं काम पुन्हा पाहिलं नाही. तीन भाग पुरे झाले. चॅनेलने ते घेतले नाहीत. बाहेरचे तयार कार्यक्रम त्यांना सोपे पडत. मालिका बंद झाली.

भियाने निरोप पाठवला, चाव्या वॉचमनकडे द्या. काकांनी ऐकलं नाही. म्हणाले, "मिलला कुलूप दुसऱ्यांनी लावलं. सकाळी गेलो तर फाटक बंद. माझा डबा, चष्मा, अर्धा सांधलेला ताणा, सगळं आत. इथे तसं होणार नाही." रोज पहिल्या पाळीच्या वेळेला ते अजूनही त्या फाटकाशी जाऊन उभे राहतात, हे मला त्या दिवशी सिंधूमावशींनी सांगितलं.

दोन दिवस आम्ही शेड आवरली. प्रत्येक टोप झटकला, मलमलीत गुंडाळला आणि जिने ओवला तिच्या हातात दिला. मुख्याध्यापिका बाई शाळा सुटल्यावर आल्या आणि राणीच्या टोपाला नमस्कार करून गेल्या. मी यादी वाचली, सातही जणांनी तिच्यावर सह्या केल्या. मग काकांनी स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

पुढे काका देपालपूरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. निरोप सिंधूमावशींनीच आणला. बराच वेळ बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं बेटा. शेडला कुलूप लावलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मिलच्या फाटकाशी कधी गेले नाहीत."