सुतळीच्या मापाची काठी

माझ्या सासूबाईंना एकच बहीण, धाकटी. घरात सगळे तिला मावशी म्हणतात, बाहेर घडीवाली. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिची सगळी नोकरी गेली. चादरीची दोन टोकं हिच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या हातात, दोघी पुढे येणार, मागे जाणार, आणि एवढी मोठी चादर वीतभर होऊन फळीवर. निवृत्त झाल्यावरही ती टॉवेलची अशी घडी घालते की मोडायला जीव होत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत मधोमध लोखंडी घडीची खाट आणि तिच्यावर मावशी. मला पाहताच ती ताडकन उठली. अंथरूण गुंडाळलं, खाट मिटली, सोफ्यामागे सरकवली आणि मग विचारलं, "चहा ठेवू?" मला वाटलं, लग्नाला आलेल्या पाहुण्या आहेत, दोन दिवसांनी जातील.

नंतर कळलं. माझा नवरा तान्हा असताना सासूबाईंना नोकरी सोडायची नव्हती, म्हणून मावशीला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. ती इस्पितळातली रात्रपाळी मागून घ्यायची आणि दिवसा मूल सांभाळायची. सहा महिन्यांची वर्षं झाली. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढला नाही, कारण मग मुलाकडे कोण बघणार? मूल मोठं झालं, त्याला स्वतःची खोली मिळाली, त्या खोलीत पुढे मी आले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे वैद्य मेला नाही, बैठकीच्या खोलीत खाट टाकून राहिला.

मावशीचे कपडे सासूबाईंच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात. बाकी सगळं दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. खाली आमच्या चपला, वर तिचा चष्मा, औषधं, आईवडिलांचा फोटो. कप्पा केवढा? दोन पुस्तकं आडवी ठेवली तर भरेल. त्यामुळे ती वस्तू घेताना चांगली की वाईट हे पाहतच नाही. मिटल्यावर केवढी होते, एवढंच विचारते. तिची छत्री तीनदा मिटते. कंगवा मिटतो. एक पेला आहे, तोसुद्धा दाबला की चपटा होतो. पाहुणे आले की घरात सगळ्यांत आधी मिटते ती स्वतः. स्वयंपाकघरात जाते आणि पाहुणे गेल्यावर बाहेर येते.

तिला मैत्रीण एकच, इस्त्रीवाली. त्याच धुलाईखात्यात मोठ्या इस्त्रीच्या यंत्रावर होती. नवरा गेल्यावर तिने जुनी गाडी घेतली, तंबू घेतला आणि कुठल्याशा तळ्याकाठी जाऊन राहायला लागली. मुलांनी तिला वेड्यात काढलं, तिने त्यांना भीक घातली नाही. एक दिवस तिचा फोन आला.

"चार दिवस चल माझ्याबरोबर," ती मावशीला म्हणाली. तिचा आवाज असा की फोन कानाला लावलेला नसला तरी सगळ्यांना ऐकू येतो. "तंबू माझा, स्टोव्ह माझा. काठी तेवढी तुझी तू आण. माझ्या गळाच्या काठीला मी कोणाला हात लावू देत नाही."

जेवताना मावशीने हे सांगितलं. सासूबाईंनी नाक मुरडलं. "या वयात मासे पकडणार? गुडघे बघ स्वतःचे."

"बसूनच पकडतात, ताई."

"मासे बाजारात मिळतात की," माझा नवरा हसून म्हणाला.

"मिळतात," मावशी म्हणाली आणि वाढून घेतलं. पण मी तिच्याकडे बघत होते. लहानपणी वडील तिला कालव्यावर घेऊन जायचे. दोघी बहिणींत तिलाच न्यायचे, कारण ती गप्प बसायची. हे तिने मला एकदा भांडी पुसताना सांगितलं होतं. बाईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मागितलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं.

दुकानात मी तिच्याबरोबर गेले. तंबू, कंदील, दोरखंड, बूट असलं सगळं मिळणारं दुकान. भिंतीला काठ्या उभ्या लावलेल्या. दुकानदार दाढीवाला, बोलका.

"प्रवासात न्यायची आहे ना काकू? मग दोन जाती. ही दोन तुकड्यांची, मधे जोड. ही दुसरी एकात एक सरकणारी. मिटल्यावर केवढी हवी?"

मावशीने पिशवीतून सुतळीचा तुकडा काढला आणि काउंटरवर सरळ पसरला. "याच्यापेक्षा मोठी नको."

दुकानदाराने सुतळीकडे पाहिलं. "बॅग फारच लहान दिसते."

"बॅग नाही. कप्पा आहे."

मला सुतळी ओळखू आली. चपलांच्या कपाटाचं माप होतं ते. घरातून निघण्यापूर्वी सगळे आत असताना तिने ते घेतलं असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणावर चिडावं ते कळेना, म्हणून मी दुकानदारावर चिडले. "तुम्ही चांगली कोणती ते सांगा. मापाचं नंतर बघू."

"चांगली दोन तुकड्यांची," तो म्हणाला. "सरकणारीचं काय होतं ताई, जितकी लहान मिटायला हवी तितके तिचे तुकडे जास्त. जितके तुकडे तितके जोड. मासा ओढतो तेव्हा ते ओढणं जोडाजोडात जिरतं, हातापर्यंत येतच नाही. आणि त्यात वाळू शिरली की संपलं. उघडी असली तर मिटणार नाही, मिटलेली असली तर उघडणार नाही."

मावशीने दोन तुकड्यांची काठी जोडून हातात घेतली. टोक थेट छताच्या पंख्यापर्यंत गेलं. तिने मनगट जरासं हलवलं आणि टोक थरथरलं. ती त्या टोकाकडे बघत राहिली. मग काठी काउंटरवर ठेवून म्हणाली, "छान आहे. पण ही ठेवणार कुठे?"

"आमच्या खोलीत," मी म्हणाले. "कपाटावर. त्या कपाटावर सुटकेसशिवाय काही नाही."

तिने दोनदा "राहू दे" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. येताना रस्ताभर काठीची पिशवी तिने खांद्याला लावली होती आणि चक्क माणसांच्या मधून चालत होती. एरवी ती भिंतीच्या कडेने चालते.

काठी आमच्या कपाटावर राहिली. मावशी रोज दुपारी दार वाजवून आत यायची, काठी जोडून बघायची, पुसायची, परत ठेवायची. मग निघायच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याला सुटकेस हवी झाली. का, तर तिच्यात जुना चार्जर असेल असं त्याला वाटलं. त्याने काठीचे दोन्ही तुकडे खाली काढले, पिशवीतून उघडे काढले की आपोआप घसरले देव जाणे, आणि खोलीच्या दाराच्या चौकटीला टेकवून ठेवले. खिडकीतून वारा आला. दार लागलं. आवाज फार मोठा झाला नाही, पापड मोडल्याएवढाच.

टोकाचा हातभर भाग गेला. मावशी स्वयंपाकघरातून आली, पीठ लागलेल्या हातांनीच तिने तुकडा उचलला.

"दारात कोणी ठेवतं का अशी वस्तू?" सासूबाई म्हणाल्या. हे त्या मावशीला म्हणाल्या, मुलाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

"असू दे," मावशी म्हणाली. "काठीच ती."

माझा नवरा वाईट माणूस नाही. वाईट असता तर एकदाच भांडून मोकळी झाले असते. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने लगेच फोनवरून दुसरी काठी मागवली, आणि ती संध्याकाळी दारात हजर. एकात एक सरकणारी, हाताच्या कोपरापर्यंतही येणार नाही एवढी. त्याने ती स्वतः चपलांच्या कपाटात ठेवून दाखवली. "बघ मावशी, किती बरोबर बसली. ही आधीच घ्यायला हवी होती. कुणाच्या पायात नाही, कुणाच्या डोक्यात नाही." मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूबाईंना आपल्या मुलाचं कौतुक वाटलं. मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. तोंड उघडलं असतं तर मला आवरता आलं नसतं.

सकाळी इस्त्रीवाली आली, हॉर्न वाजवला, आणि मावशी गेली. चार दिवस घरात सोफ्यामागे खाट तशीच उभी होती. "घर कसं मोकळं मोकळं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. रात्री फक्त खाट उघडायची, आणि ती दिवसा यांना दिसतसुद्धा नसे. तरी मोकळं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी घरात सासूबाईंच्या दोन मैत्रिणी बसलेल्या. बेल वाजली. मी दार उघडलं. मावशी उन्हाने रापलेली, केस विस्कटलेले, आणि हातात काठी, पूर्ण उघडी. इतकी लांब की तिचं टोक वरच्या मजल्याच्या जिन्यात गेलं होतं.

"मिटत नाही," ती म्हणाली. "वाळू गेली."

मी तिला आत घेतलं. काठी तिरपी करून आणायला आम्हाला दोघींना बरीच खटपट करावी लागली. तिने हळूच मला सांगितलं, पहिल्याच संध्याकाळी मिटायचा कंटाळा आला आणि काठी तशीच वाळूत आडवी टाकली. "आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा केला बघ," ती म्हणाली. तिला त्याची लाज वाटत नव्हती, मजा वाटत होती. गाडीच्या खिडकीतून काठी बाहेर काढून दोघी घरापर्यंत आल्या, येणारे-जाणारे वळून बघत होते म्हणे.

"मासा मिळाला?" मी विचारलं.

"एक लागला होता. पण हाताला काही कळलंच नाही. पाण्यावर आला तेव्हा दिसला, आणि सुटला." हे सांगताना मात्र तिचा चेहरा उतरला. "पहिली काठी असती तर कळलं असतं."

तेवढ्यात नवरा आतून आला. "अगं मावशी, दाराला अडलंय सगळं. दे इकडे."

"जोर लावू नकोस रे. उद्या पाण्यात घालून ठेवते, वाळू सुटेल."

"उद्यापर्यंत ठेवायची कुठे ही?"

खरंच, कुठे? एवढ्या घरात चार खोल्या आहेत. सासूबाईंच्या मैत्रिणी चहाचे कप हातात धरून बघत होत्या. नवऱ्याने काठी गुडघ्याशी धरली आणि पिळून दाबली. कच्च असा आवाज आला. मग ती सर्रकन मिटली, एकात एक तुकडे आत गेले, त्यातले दोन चिरलेले. "झाली," तो म्हणाला आणि चपलांच्या कपाटात ठेवून आला. बरोबर बसली.

मावशी पाणी प्यायली. मग ती सोफ्यामागे गेली, खाट ओढून काढली आणि भर दुपारी, पाहुण्यांसमोर, खोलीच्या मधोमध उघडली. अंथरूण घातलं. आडवी झाली आणि पाय लांब केले.

"अगं, हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "माणसं बसली आहेत. मिट ती खाट."

"मिटत नाही, ताई," मावशी डोळे मिटून म्हणाली. "अडकली आहे."

पाहुण्या दोन मिनिटांत उठल्या, खाटेला वळसा घालून, सोफ्याला घासत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही खाट तशीच. त्याच्या पुढच्या दिवशीही. आता महिना होत आला. सासूबाईंना देवाच्या फळीपर्यंत जायचं तर अंग चोरून जावं लागतं, नवऱ्याच्या पायाला खाटेचा लोखंडी कोपरा दिवसातून दोनदा लागतो आणि तो "अगं आई गं" करतो. दोघांनी खाट मिटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण मावशी तिच्यावर बसलेली असते, आणि तिला उठ म्हणायचं कसं ते अजून त्यांना सुचलेलं नाही. नवरा म्हणतो, बिजागरी गंजली असेल, मिस्त्रीला बोलावू. वरातीमागून घोडं.

मावशी आंघोळीला गेली असताना मी ती खाट एकदा मिटून पाहिली. एका हाताने मिटली, बिजागरीने आवाजही केला नाही. मी ती परत उघडली, चादर होती तशी घातली आणि कामाला लागले.