मंगळवारचे पाहुणे

पाथर्डीच्या बाजूला एका वस्तीवर एक म्हातारा, एक म्हातारी आणि त्यांची लग्नाची नात राहत होती. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. घरात शहाणं माणूस एकच, ती म्हातारी. म्हणजे मी! त्या शहाणीनं मंगळवारी काय घोळ घातला, आता काय सांगू तुम्हाला…

त्या दिवशी नातीला, कविताला, बघायला पाहुणे येणार होते. आणि आमचं म्हातारं महिन्यापासून खोकत होतं. टीबी तर नसंल ना, हीच मला धास्ती. तालुक्याला चला म्हटलं की म्हणायचं, "त्या जीपमधीच मरंन मी."

पण पाहुण्यांनी खोकला ऐकला तर सोयरीक राहील का? मी म्हाताऱ्याला गोठ्यात बसवलं, तोंडात खडीसाखर दिली.

तेवढ्यात पांढरी गाडी दारात! चष्मेवाला पोरगा, बरोबर दोन बाया. पोरगा कसा, गोरागोमटा! मी घोंगडी अंथरली, पोहे पुढं केले.

पोरानं वही काढली. "आजी, घरात कुणाला बीपी, शुगर, खोकला?"

"खोकला? आमच्या सात पिढ्यांत कुनी खोकलं न्हाई!"

"बरं. ताईंचं वजन करू या." एका बाईनं पिशवीतून काटाच काढला.

माझं डोकं फिरलं. पोरगी चालून बघतात, बोलून बघतात, पण वजन? "आवो बाई, पोरगी हाय का कापसाचं गाठोडं?"

इतक्यात गोठ्यातून ठसका!

"कोण खोकतंय, आजी?"

"शेळी हाय. कडबा आडकला आसंल."

तर गोठ्यातून हाक, "म्हातारे, पानी आन गं!"

पोरगा पोहे चावायचा थांबला. "आजी, शेळी तुम्हाला एकेरीत बोलते?"

कविता तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आगं आजे, हे पाव्हनं न्हाईत, डाक्टर हायेत! गाडीवर एवढं मोठं लिवलंय, फिरता दवाखाना. सरकारनं आन् एका संस्थेनं मिळून सुरू केलाय!"

मला कुठं वाचता येतं, बाई?

डॉक्टरांनी गोठ्यातच म्हाताऱ्याची छाती तपासली, थुंकी डबीत भरून नेली. खरे पाहुणे आले ते दारातली गाडी बघून आधी स्वतःच तपासून घ्यायला बसले. सोयरीक तिथंच ठरली!

पण थुंकीचा निकाल कळायला आठवडा लागणार होता. पुढच्या मंगळवारी गाडी थांबायच्या आत मी धावले.

"टीबी नाही, आजी. विडी सोडायची आणि औषध घ्यायचं. बरे होतील."

मी तिथंच मातीत बसले आणि ढसाढसा रडले.

"आता तुमचा दंड द्या बघू," डॉक्टर म्हणाले. दंडाला बांधलेला पट्टा फुगला, सैल झाला. त्यांनी तीनदा मोजलं.

घरादाराचं दुखणं झाकत फिरणारी मी, आणि बीपी निघालं ते माझंच! आता म्हातारं ठणठणीत आहे. रोज सकाळी माझ्या हातावर गोळी ठेवतं आणि चारचौघांसमोर मला 'आ' करायला लावून बघतं, गिळली का न्हाई!