प्रयुक्ताची खुर्ची

"मेंढ्यांमागं राहून राहून हिचं डोकंही मेंढीचंच झालंय," सर म्हणले, आणि सगळा वर्ग हसला.

मी वर्गासमोर खुर्चीवर बसलेली व्हते. परतूरचं ज्युनिअर कॉलेज, अकरावी आर्ट, मानसशास्त्राचा तास. आमच्या विषयात प्रयोग असतेत. जो प्रयोग घेतो तो प्रयोगकर्ता. ज्याच्यावर घेतेत तो प्रयुक्त. खुर्ची प्रयुक्ताची. दिवाळी होऊन गेली, पण सरांचं बोट पुढच्या बाकावरच्या पोरींकडं एकदाबी गेलं न्हाई. ते बराबर माझ्याकडंच यायचं.

त्या दिवशी बुद्धीची चाचणी व्हती. सरांनी इचारलं, "मेंढी, शेळी, गाय, घोडा. यातलं वेगळं कोण?"

मी म्हणले, "गाय."

सरांनी उत्तर वाचून दाखवलं. घोडा. बाकीची तिन्ही रवंथ करतात म्हणून. रवंथ काय मला माहीत न्हवतं? जन्म गेला ते बघण्यात. पण मी गाय का म्हणले, हे कोणी इचारलंच न्हाई. सरांनी कागदावर फुली मारली अन् मंग ते मेंढीच्या डोक्याचं बोलले. पुढं अजून दहा-बारा प्रश्न झाले. मला ऐकूच येईना. कान तापले व्हते. मी आपली खाली चपलेकडं बघत बसले.

सरांचं रान आमच्याच शिवारात हाये. आबा, म्हणजे माझा बाप, दर साली त्यांच्या रानात मेंढ्या बसवतो. रानाला खत होतं, मेंढ्यांना चारा. सर वयानं आबाच्या पोराएवढे. तरी ते आबाला 'तू' म्हणतेत अन् आबा त्यांना 'मालक'.

आठ दिवसांनी आबा रानातून लवकर घरी आले. बंडीच्या खिशातून कागद काढला.

"बाई, वाच बरं. मालकानं दिलाय. काय लिव्हलंय?"

त्या चाचणीचाच कागद. वर माझं नाव, खाली लाल पेनानं सरांचं अक्षर. मला खोटं वाचता आलं असतं. आबाला अक्षर येत न्हाई. पण मी जसंच्या तसं वाचलं. का वाचलं ते अजून सांगता येत न्हाई.

"बुद्धी मंद. पुढील शिक्षणाचा उपयोग नाही."

आबा हळूच म्हणले, "मालक बी तेच म्हणले. औंदा पोरीचं लगीन लावून उजवून टाक म्हणले. रईवारी तुला बघाया पाव्हणे बोलावलेत."

मला सतरावं चालू हाये. मंग तोंडातून एकदम निघालं, "आबा, मेंढी, शेळी, गाय, घोडं. यातलं येगळं कोण?"

आबानं इचारसुद्धा केला न्हाई. "गाय. मेंढरं, शेरडं, घोडं आपल्यासंग चालतेत. घोड्यावर सारा संसार असतो. गाय कुठं येती? ती खुट्याला."

"मंग तुम्ही बी मंद, आबा."

आबा वाकून कागदावरची लाल अक्षरं बघाया लागले. अख्ख्या कळपात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे लांबून सांगणारा माणूस. मला राग आला. सरांचा आलाच, पण माझा सोताचा जास्ती आला. आठ दिवस मी सोताला मंद समजून बसले व्हते.

मंग मी पुस्तक काढलं. परीक्षेला येत न्हाई म्हणून सरांनी जे पान सोडलं व्हतं, ते वाचलं. प्रयुक्ताला आधी इचारावं. त्याची संमती घ्यावी. निकाल गुप्त ठेवावा. प्रयुक्ताला वाटलं तर तो मधूनच उठून जाऊ शकतो. तीनदा वाचलं. उठून जाऊ शकतो.

काल, शुक्रवारी, पुन्हा खुर्ची ठेवली. पुन्हा बोट आलं.

"मी बसणार न्हाई, सर. माझी संमती न्हाई."

सर चिडले न्हाईत. हसले. तेच मला भ्या वाटायसारखं व्हतं. जवळ येऊन म्हणले, "बरं. संमती तुझ्या बापाकडून घेतो. मेंढ्या कोणाच्या रानात बसल्यात, विसरलीस का?"

दुपारी घरी आले तर दारात घोडं उभं. आबा त्याच्यावर मेंढ्यांमागं न्यायचं सामान बांधून राह्यले व्हते. सरांचा गडी येऊन गेल्ता. मेंढ्या आत्ताच्या आत्ता उठवा, म्हणून. त्या रस्त्याच्या कडंला उपाशी उभ्या व्हत्या. पुढचं रान कोणाचं, कोणालाच माहीत न्हाई.

"बोलायची काय गरज व्हती, बाई?" आबा एवढंच म्हणले. पाव्हण्यांना येऊ नका म्हणून निरोप काही त्यांनी धाडला न्हाई. माय आज सकाळपासून घर सारवून राह्यली हाये. कोणी माझ्याशी बोलत न्हाई.

तो लाल अक्षराचा कागद आता माझ्याजवळ हाये. त्याच्याच मागच्या बाजूला हे लिहून राह्यले. बारावीला प्रयोगाच्या वहीत प्रयोगकर्ता म्हणून माझं नाव लिहायचंय. अन् मी ज्याला प्रश्न इचारीन, त्याला 'का' म्हणून बी इचारीन.

पण आधी उद्याचा रईवार. उद्या घरात पाट मांडतील. मला त्याच्यावर बसवतील. नाव काय, शिक्षण किती, सैपाक येतो का, चालून दाखव. समोरचे माना हलवून निकाल देतील. ही खुर्ची मला माहीत हाये.

मी बसणार न्हाई. पाव्हण्यांसमोर, आबासमोर, उभ्यानं सांगणार हाये. माझी संमती न्हाई.