न पाहिलेल्या गावाची सकाळ

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी चार वर्षं विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावाला रोज आठ वाजता सुप्रभात म्हणत होतो. ते गाव मी पाहिलेलं नव्हतं.

रेडिओ केंद्र तिथे होतं: मनोरा, यंत्रं आणि ती सांभाळणारा एक ऑपरेटर. आवाज तेवढा इथून इंटरनेटवरून जाई. उद्घाटनाला मालकांनी फेटा बांधून 'या मातीचा आवाज' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. मातीचा आवाज त्या वेळी इथे खिडकी लावून घेत होता, कारण न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर माइकमध्ये ऐकू येत. मी तिथे नाही हे कुणाला कळता कामा नये, एवढी एकच अट मालकांनी जातीनं समजावून सांगितली होती.

पावणेआठला ऑपरेटरचा फोन येई. "साहेब, थंडी हाये जी. नदीवरचा पूल खोदून ठेवला." आठ वाजता मी तेच, जणू आत्ताच पुलावरून आलो अशा थाटात, गावाला सांगे. श्रोते केंद्राच्या नंबरावर फोन करत आणि ते फोन माझ्याकडे वळवलेले असत.

इथे मात्र मला ऐकणारं कुणी नव्हतं. जिना झाडणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, "दादा, तुमी घरात बसून करता काय?"

"रेडिओवर बोलतो."

"आमच्याकडं रेडिओ हाय. तुमी नाय येत त्यात."

बोलायला माणूस म्हणजे तिकडचे एक निवृत्त पोस्टमास्तर. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. साडेआठला त्यांचा फोन येई. फर्माईश निमित्ताला, गाणं वाजत असताना आम्ही पुस्तकांवर बोलत असू. पुढे पुढे मी त्या वेळेला मुद्दाम लांबलचक गाणी लावू लागलो. मला भेटायला केंद्रावर यायची त्यांची फार इच्छा. मी कधी सर्दी, कधी मीटिंग पुढे करी.

एका डिसेंबरात ऑपरेटरचा फोन लागेना. आठ वाजले. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणालो, "काय सुरेख ऊन पडलंय आज आपल्याकडे."

साडेआठला पोस्टमास्तर हळू आवाजात बोलले. "साहेब, बरे आहात ना?"

"हो. का?"

"इथे हातभर अंतरावरचं दिसत नाही इतकं धुकं आहे, आणि तुम्हाला ऊन दिसतंय. माझा मोतीबिंदू असाच सुरू झाला होता, सगळं नुसतं चकाकायचं. अंगावर काढू नका. उद्या दहाला येतो आणि माझ्या डॉक्टरांकडे नेतो."

मी मालकांना कळवलं. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. साहेब आत्ताच बाहेर पडले, असं ऑपरेटरनं सांगायचं.

"आणि परवा आले तर?"

"म्हातारा माणूस. कंटाळेल."

नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगितलं तर सकाळचा फोन जाईल, ही त्याहून मोठी होती. त्यांना केंद्रातल्या बाकावर ताटकळत ठेवलं असतं, तर फोन येत राहिला असता. संध्याकाळी मी त्यांना फोन केला.

"मी तिथे नाही. कधीच नव्हतो. पनवेलहून बोलतो."

त्यांनी आधी पुलाचं विचारलं.

"पूल खोदलाय म्हणालात, तो?"

"कुणीतरी कळवलं होतं."

"खरं होतं ते. मी लांबच्या रस्त्यानं गेलो होतो." मग म्हणाले, "म्हणजे डोळे ठीक आहेत."

"ठीक आहेत."

"बरं झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटरनं सांगितलं, "पोस्टमास्तर येऊन गेले जी. खोली पाह्यली. स्पीकरवर तुमचं बोलणं चालू होतं, ते संपेपर्यंत उभेच राह्यले. बसा म्हणलं, बसले नाही."

"काही म्हणाले?"

"डबा आणला होता तुमच्यासाठी. मले म्हणे, तुम्ही खा."

"काय होतं डब्यात?"

"मेथीचे पराठे. जरा करपले होते."

त्यांचा फोन पुन्हा आला नाही. मी खरं सांगून टाकल्याचं मालकांपर्यंत मात्र पोचलं नाही, त्यामुळे माझी नोकरी शाबूत राहिली.