टर्बो बसवलेलं इंजिन

गॅरेजमध्ये बाबांच्या गाडीचा पिस्टन पाहिला आणि माझं डोकं सणकलं. मधोमध वितळून त्याला भोक पडलं होतं. बाबांच्या हातात ही गाडी कधी रस्त्यात थांबली नाही. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने, शेखरने, तिला टर्बो बसवला. "ताई, आता बघ कशी पळते!" पळाली खरी, वर्षभर. मग गेल्या आठवड्यात घाट चढताना धूर ओकत बंद पडली, आणि आई भर उन्हात कठड्यावर बसून राहिली.

टर्बोसाठीच घडवलेल्या इंजिनाचे पिस्टन दणकट असतात, त्यांना थंड ठेवायची सोय असते. शेखरने टर्बो लावून जुन्याच इंजिनात जास्तीची हवा कोंबली, त्याने वाढलेली उष्णता पिस्टनला सोसली नाही. सोसणाऱ्याची ताकद न वाढवता त्याला जास्त राबवायचं, आणि त्याला सुधारणा म्हणायचं! मला या वृत्तीचीच चीड आहे. लोखंडसुद्धा आतल्या आत झिजतं, बाहेरच्याला फक्त वेग दिसतो.

"गाडीच जुनी झाली होती गं," शेखर म्हणाला.

"जुनी नव्हती. तू मारलीस तिला."

किल्ली मी त्याच्या हातातून काढून घेतली. साधं इंजिन बसवून गाडी आता मीच चालवणार आहे. त्याला यायचं असेल, तर मागच्या सीटवर बसून यावं.