बापाच्या गालाची जागा

वडील गेले आणि त्यांची रायफल माझ्याकडे आली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. परवाना माझ्या नावावर करायला मी बुलढाण्याच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई मला जावयासारखा ओळखू लागला.

पण रायफलीचा लाकडी दस्ता बघवत नव्हता. काळा, चिकट, जागोजागी पोपडे. काका म्हणाले, "काऊन बे, हे सडकं लाकूड कुठवर सांभाळतं? दसऱ्याच्या आत नवा दस्ता बसव. नाही तं बंदूक मी माह्या घरी नेतो."

नवा दस्ता? नेम धरताना वडील गाल टेकायचे, तिथं लाकूड झिजून किंचित खोलगट झालं होतं. त्यांचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. नवा कशाला, हाच साफ करतो, म्हणून संतापानं मी काचेचा तुकडा घेऊन दस्ता खरवडायला बसलो.

देऊळघाटचे सुतारचाचा आमच्या बैलगाडीचं जू दुरुस्त करायला आले होते. त्यांनी माझा हातच धरला. "काच फेक पह्यले. मळ काढाचा हाय बेटा, बाप नाही काढाचा."

त्यांनी नखानं एक पोपडा उचलला. आतून लाल भुकटी निघाली. कुंकू! दर दसऱ्याला आम्ही शस्त्र पूजायचो आणि दस्त्याला तेल, हळद, कुंकू भक्तिभावानं फासायचो. वर्षानुवर्षांची ती पुटं होती. लाकूड सडलं नव्हतं, आम्हीच त्याला पूजून पूजून आंधळं केलं होतं.

चाचांनी सांगितलं तसं चाळलेली राख आणि जवसाचं तेल फडक्यावर घेऊन मळ उतरवला. मग रोज तेलाचा एकेक थेंब, तळहात तापेपर्यंत चोळायचा आणि आश्विनाच्या उन्हात ठेवायचा. हाताची सालटं निघाली. पण अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा एकेक करून वर आल्या आणि खोलगट जागा होती तशीच राहिली.

दसऱ्याला काकांनी रायफल उचलली, उलटीसुलटी केली, सवयीनं गाल टेकला आणि तसेच थांबले.

"भाऊचा गाल हाय इथं," ते म्हणाले.

मग पाटावर रायफल ठेवून त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. मी दस्त्यावर हात आडवा धरला. "काका, लाकडाले नाही."

आमच्या घरात मोठ्यांचा हात असा कुणी अडवत नसे. काकांनी माझ्या सोललेल्या तळहाताकडे पाहिलं आणि ते बोट माझ्या कपाळाला लावलं.