सुमनआत्या पुढं, जीप मागं

आमच्या घरात एक नियम होता: घरातल्या बाईनं पळायचं नाही. दूध उतू जाऊ दे, एसटी सुटू दे, पाऊल जल्दी पडता कामा नये. सातवीत असताना मी विचारलं होतं, "का?" अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "विचारायचं न्हाई." म्हणजे नियमाला पोटनियमसुद्धा होता!

अशा घरात माझी सख्खी आत्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पळायला लागली. त्यामुळे किस्से आम्हाला जमवावे लागले नाहीत. जालन्यातल्या तिच्या बियाण्यांच्या कंपनीत मी बी.एस्सी. करून ऑफिस सांभाळते. तिथं चहाच्या वेळी रोज एखादा आपोआप येऊन पडतो.

* * *

आत्यानं टेंभुर्णीजवळ चार एकरांत सुरुवात केली. कपाशीच्या फुलांवर हातानं परागकण लावायचे, संकरित बियाणं तयार करायचं. आज तीन गोडाऊन आहेत. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "सीझन संपला की बघू." असे वीस सीझन संपले.

वीस वर्षं खुर्चीत काढल्यावर शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चाला."

दुसऱ्या दिवशी आत्या वीस मिनिटांत घरी! अण्णांनी विचारलं, "काय झालं?"

"तेवढंच अंतर पळत केलं. वीस मिनिटं वाचली."

वाचलेल्या वीस मिनिटांत तिनं एका डीलरला फोनवर झापलं. दोन्हींमुळे बरं वाटलं, असं तिनं डॉक्टरांना कळवलं.

* * *

पहिल्या महिन्यात ती साडीवरच पळायची. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. राजूरच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला शेजारी आला.

"मावशी, कोण गेलं?"

"कुणी न्हाई."

"मंग पळून का राह्यल्या?"

"सहज."

सहज पळणारी बाई त्यानं पाहिली नव्हती. हिला धक्का बसलाय असं समजून तो मागं मागं येत राहिला. त्याला बघून दुधाचा टेम्पो वळला, मग दोन रिक्षा. आत्या घरी पोचली तेव्हा दारात चार गाड्या थांबल्या आणि माणसं खाली मान घालून उतरली. आईनं सगळ्यांना चहा केला. जाताना एकानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा."

अण्णा म्हणाले, "धरून राह्यलो."

* * *

मग फॉर्म आला. उत्तरेकडच्या डोंगरांत शंभर किलोमीटरची शर्यत; आत्यानं नाव आधीच नोंदवलं होतं. शेवटच्या पानावर घरच्या एका सज्ञान माणसाची सही पाहिजे होती. सही नसेल तर प्रवेश नाही. आत्यानं फॉर्म अण्णांपुढं ठेवला.

"मी करणार न्हाई," अण्णा म्हणाले. "आणि मी केल्याशिवाय या घरात कुणीच करणार न्हाई."

फॉर्म टीव्हीवर जाऊन बसला. आत्या रोज पहाटे त्याच्यावरची धूळ पुसायची आणि पळायला जायची. एकदा बूट बांधता बांधता मला म्हणाली, "कंपनी माझ्यामागंही चालेल गं. हे एवढंच असं आहे, जे मी गेले न्हाई तर होणारच न्हाई."

मी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "टीव्हीचा आवाज वाढव."

* * *

एका रविवारी ती जालन्याहून थेट राजूरच्या गणपतीपर्यंत पळत गेली. देवळाबाहेर नारळवाल्यानं विचारलं, "नवस कशाचा, बाई?"

"कशाचाच न्हाई."

यावर कोण विश्वास ठेवणार! आठवड्याभरात सगळ्या तालुक्यात झालं, की यंदाचं बियाणं चांगलं उगवावं म्हणून मॅडम पायी जाऊन नवस बोलून राह्यल्या. राजूरच्या बाजूचं बुकिंग एकदम वाढलं.

आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे काका, कंपनीची विक्री बघतात. पळण्याच्या पायी त्यांनी आत्याशी महिनाभर अबोला धरला होता. ते केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "अक्का, मंठ्याकडं जरा ढिल्लं हाय. तिकडंही एकदा पळून येता का?"

मंठा साठेक किलोमीटर. आत्यानं डायरीत लिहून घेतलं. मग तिनं सहीचं विचारलं.

"ते अण्णांकडं," नाना म्हणाले आणि पुन्हा अबोला धरला.

* * *

लांबच्या पळण्यात मागं जीप असते. जीपमध्ये पाणी, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि आमचे ड्रायव्हर शकीलभाई. ते मला म्हणाले, "बेटा, तीस साल गाडी चलाया. अब सेकंड गिअर में बुढ्ढा हो रहा हूं."

मंठ्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्यांना बाजूला घेतलं. "अर्ध्या रस्त्यात जीप बंद पाडा. बराबर थांबते की न्हाई बघा."

शकीलभाई हुकमाचे पक्के. जीप बरोबर अर्ध्या रस्त्यात बंद पडली. आत्या मागं आली, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही स्टिअरिंग धरा." तिनं जीप पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत ढकलली आणि तिथून एकटीच पुढं मंठ्याला गेली!

संध्याकाळी अण्णांनी शकीलभाईंना विचारलं, "थांबली का?"

"जी, थांबल्या ना. चाय पिने."

* * *

फॉर्म पोचायला चार दिवस उरले, तेव्हा अण्णांनी मला सकाळी सकाळीच बैठकीत बोलावलं. शेजारी नाना. पुढं कंपनीचं लेटरहेड आणि पेन.

"तुझं इंग्लिश चांगलंय," अण्णा म्हणाले. "त्या शर्यतवाल्यांना लिही. प्रकृतीच्या कारणानं सुमनचं नाव मागं घेतो."

"कुणाच्या प्रकृतीच्या?"

"उलटं बोलू नको."

"तिची शुगर नॉर्मल आहे, अण्णा. तुमची किती आहे?"

नाना म्हणाले, "पोरी, मोठ्यांनी सांगितलं की लिहायचं. बिलकुल वाद न्हाई."

मी पेनाला टोपण लावलं.

"लिहिणार नाही. आणि फॉर्म टीव्हीवर नाही, बघा. मी तेवीस वर्षांची आहे, घरचीच आहे. सही मी केली. फॉर्म काल कुरिअरनं गेला."

अण्णा उठून उभे राहिले. "मंग मी आत्ताच्या आत्ता तिलाच सांगतो!"

"सांगा ना. तोंडावर सांगा. पहाटे पाचला टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलीय. पण जीप तिच्या मागं आहे आणि स्कूटर गॅरेजात. तुम्हाला पळतच गाठावं लागेल."

नानांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी दाराबाहेरच्या चपलांकडं पाहिलं.

मग ते खाली बसले.